अडुळशाला पाणी कोण घालतंय?

आमच्या इंदिरानगरच्या घरात सध्या एकच वाद चालू आहे आणि तो अडुळशावरून आहे. म्हणजे मोठं झाड मागच्या दारी कंपाउंडच्या भिंतीला टेकून मजेत उभं आहे, त्याला कशाचंच काही नाही, वाद आहे तो त्याच्या काड्यांवरून. दुधाच्या पिशव्यांत सात काड्या लावल्यात आणि त्यांना दिवसातून नक्की किती जण पाणी घालतात हा प्रश्न आहे. घरातले सगळे म्हणतात आम्ही हातच लावत नाही. पिशव्या मात्र कायम निथळत असतात.

पहिल्यापासून सांगते, कारण याची सुरुवात एका खुनापासून आहे.

२०२१ चा जून. दुसरी लाट ओसरत होती, काढे उकळून उकळून घरोघरच्या स्वयंपाकघरांना काष्ठौषधीच्या दुकानाचा वास यायला लागला होता, आणि लॉकडाऊन जरा सैल झाल्या झाल्या मी गंगापूर रोडच्या बाजूला एका नर्सरीत गेले ती खरं तर गुलाब आणायला. मोगलांच्या काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणायचे, त्याचा परिणाम असेल, नाशिककर नर्सरीत शिरला की आधी गुलाबच बघतो. मी पण बघत होते, तेवढ्यात कोपऱ्यात काळ्या पिशवीत हातभर उंचीचं एक झाड दिसलं, लांबट टोकदार पानं, समोरासमोर जोडीनं आलेली. सवयीनं एक पान चुरगळून नाकाशी नेलं आणि गुलाब तिथंच राहिले. अडुळशाच्या वासाला सुगंध म्हणणं म्हणजे थट्टाच आहे, कडवट हिरवा वास, थोडा ओल्या चहापत्तीसारखा, पण मला त्या वासात आजोळचा बांध दिसतो त्याला काय करणार. साठ रुपये दिले आणि झाड स्कूटीच्या पायाशी ठेवून घरी.

आजोळ दिंडोरी तालुक्यात. विहिरीकडे जाणाऱ्या बांधाला अडुळशाचं कुंपणच होतं, कोणी लावलं ते आजीलाही आठवत नव्हतं. कुंपणाला अडुळसाच का, तर शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. गंमत म्हणजे हीच गोष्ट त्याच्या शास्त्रीय नावात पण आहे. जस्टिशिया अधाटोडा. लिनियसनं १७५३ साली दिलेलं नाव, त्यातलं अधाटोडा आलंय तमिळवरून, ज्याचा अर्थ साधारण शेळी ज्याला शिवत नाही ते. (जस्टिशिया हे जेम्स जस्टिस नावाच्या स्कॉटलंडच्या एका बागवेड्या माणसावरून. म्हणजे एका नावात एक स्कॉटिश साहेब आणि एक तमिळ शेळी.)

आणि आम्ही पोरं मात्र शेळ्यांपेक्षा गयी गुजरी, कारण आम्ही ते खायचो. पानं नाही, फुलं. थंडी सरत आली की त्या कुंपणावर पांढरी फुलं यायची, एक एक फूल अलगद उपसायचं, मागच्या नळीच्या टोकाशी फुंकर मारून मुंगी उडवायची आणि नळी चोखायची. थेंबभर गोड. एवढ्या कडू झाडाच्या फुलात एवढं गोड पाणी कुठून येतं हा प्रश्न तेव्हा पडला नाही, आता पडतो. आजी ओरडायची की सगळी फुलं तुम्हीच संपवली तर भुंग्यांनी काय करायचं.

तर ते साठ रुपयांचं झाड. घरी आणून मी त्याला बारा इंची कुंडी दिली, कोकोपीट, गांडूळखत, जे जे म्हणून चांगलं ते सगळं. पिशवी फाडली तर मुळांभोवती लाल चिकट मातीचा घट्ट गोळा, तो तसाच कुंडीत बसवला, ही चूक नंबर एक. तो गोळा आतून पाणी धरून बसतो नाहीतर वाळून वीट होतो, आणि मुळं त्याच्या बाहेर यायलाच तयार नसतात, तो हलक्या हातानं मोकळा करायचा असतो हे मला नंतर कळलं. चूक नंबर दोन म्हणजे जागा, गॅलरीत, जिथं सकाळी तासभर ऊन. आणि तिसरी चूक म्हणजे आम्ही दोघी.

सकाळी मी पाणी घालायचे. संध्याकाळी दिवा लावून झाला की आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तुळशीला पाणी घालून उरलेलं त्याला घालायच्या. शिवाय तांदूळ धुतलेलं पाणी. शिवाय चहाचा चोथा. एकमेकींना काही पत्ता नाही. पानं पिवळी पडायला लागली तेव्हा मी म्हणलं पाणी कमी पडतंय आणि आईंना वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून दोघींनी वाढवलं. वर जुलैचा पाऊस. ऑगस्टमध्ये एक दिवस झाडाला जरा धरून हलवलं तर ते अख्खं हातात आलं, मुळं काळी बुळबुळीत, नुसता गटाराचा वास.

"आई, तुम्ही याला पाणी घालत होता का?"

"नाही बाई. चूळभर घालायचे फक्त."

ही चूळभर म्हणजे तांब्याभर, हे मला लग्नाला बारा वर्षं झाल्यावर समजलं.

पुढचं वर्षभर अडुळशाचं नाव काढलं नाही. मग २०२३ च्या फेब्रुवारीत मामाकडे गेले, द्राक्षं उतरवायचं काम चालू होतं, मामाला बोलायला वेळ नव्हता पण बांधावर अडुळसा फुललेला दिसला आणि मी आपली फांदी मोडायला लागले तर मामा तिकडून ओरडला, मोडू नको, थांब. कात्री घेऊन आला. द्राक्षवाल्या माणसासमोर कुठल्याही झाडाची फांदी मोडणं म्हणजे काय पाप आहे ते ज्यांच्या घरी बाग आहे त्यांनाच कळेल. त्यानं शेंडा सोडला, अगदी खालचं जून लाकूडही सोडलं, मधली पेन्सिलीएवढी जाडीची काडी घेतली, चार-पाच डोळ्यांची (डोळा म्हणजे जिथून फूट येते ती जागा), वीतभर. खालचा काप डोळ्याच्या जरा खाली तिरका, वरचा सरळ, म्हणजे लावताना उलटी लागत नाही. हे मी तोवर कुठे वाचलं नव्हतं, आणि सांगते, मी आधी दोन वेळा गोकर्णाच्या काड्या उलट्या लावून झाल्यात. पानं सगळी काढली, वरची दोन ठेवली, ती पण अर्धी कापली. म्हणाला मुळं नाहीत तर पाणी कुठून पिणार, मग पानातून उडवायचं कशाला. ओल्या गोणपाटात गुंडाळून सहा काड्या दिल्या. "रूटस्टॉकची काडी तरी रुसते एखाद वेळेस," मामा म्हणाला (रूटस्टॉक म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर द्राक्षाचं कलम करतात ते), "ही नाही रुसायची. फक्त लाड करू नको."

मामाला अर्थातच आमच्या घरची पार्श्वभूमी माहीत होती.

दुधाच्या पिशव्या धुऊन, खाली चार भोकं पाडून, निम्मी माती निम्मी वाळू. मागच्या दारी काळी माती आहे, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात हाताचं बोट जाईल एवढ्या भेगा, ती नुसती काड्यांना वापरायची नाही. खालचे दोन डोळे मातीत, बाकी वर, आणि पिशव्या सावलीत. पंधरा-वीस दिवसांत वरच्या डोळ्यांना हिरवी फूट आली आणि मी फोटो काढून मामाला पाठवला, जगली म्हणून. मामाचा रिप्लाय, फूट आली म्हणजे मूळ आलं नाही, हलवू नको. आणि बरोबर होतं त्याचं, काडीत साठलेलं असतं त्याच्यावर ती फुटते, मुळं मागून येतात, आणि मधल्या काळात माणूस उत्साहानं ती उन्हात ठेवतो, ओढून बघतो, मोठ्या कुंडीत हलवतो आणि काडी मरते. सहातल्या दोन अशाच गेल्या, एक मी ओढून बघितलेली (राहवलं नाही) आणि एक का गेली कोण जाणे. चार राहिल्या. दोन महिन्यांनी पिशवीच्या भोकातून पांढरी मुळं डोकावली तेव्हाच हात लावला.

त्यातल्या दोन वाटल्या, एक कुंडीत लावली आणि एक जूनच्या पहिल्या पावसानंतर मागे भिंतीलगत जमिनीत. आणि मग जे झालं ते मला बागकामाच्या कुठल्या व्हिडिओत दिसलं नव्हतं, ज्या झाडाकडे मी रोज बघत होते ते कुंडीतलं कसंबसं दोन फूट, आणि ज्याच्याकडे मागचं दार उघडायचा कंटाळा म्हणून बघितलंच नाही ते दुसऱ्या वर्षी माझ्या डोक्याच्या वर. त्याला मी पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादली ओतली तेवढंच, नंतर तेही नाही. शेणखत दोन ओंजळी, वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर. कुंडीतल्याला एकदा प्रेमानं जास्त खत दिलं तर पानं ही एवढी झाली आणि त्या हिवाळ्यात फूल एक नाही.

कुंडीतच लावायचा असेल तर लावा, होतो, पण चौदा-सोळा इंची कुंडी घ्या, खाली विटांचे तुकडे टाका, किमान चार-पाच तास ऊन द्या आणि बोटाची दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच पाणी. आणि एक फसवणूक सांगून ठेवते. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोनला अडुळसा अशी काही मान टाकतो, पानं लोंबकळतात, की बघवत नाही, आणि आपण धावत जाऊन तांब्या ओततो. ओतू नका. संध्याकाळी सात वाजता जाऊन बघा, पठ्ठ्या ताठ उभा असतो. उन्हानं मान टाकलेली पानं हिरवीच असतात आणि संध्याकाळी उठतात, पाणी जास्त होऊन मान टाकलेली पानं पिवळी होतात आणि सकाळी पण उठत नाहीत. एवढं एक कळलं असतं तर ते साठ रुपये वाचले असते.

कुंडीतल्याला गेल्या वर्षीच्या आधीच्या मेमध्ये पिठ्या ढेकूण लागला, पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं आणि मुंग्यांची रांग वर-खाली. अडुळशाला कीड लागत नाही असं म्हणतात, ते खोटं आहे, कमी लागते एवढंच. मामा नेमका तेव्हा लग्नाची पत्रिका द्यायला आलेला. मला वाटलं आता हा डोक्यातल्या डोक्यात चार औषधांची नावं काढणार, बागेला कधी काय मारायचं ते त्याला पाठ आहे. पण तो म्हणाला, "पानं खाता ना तुम्ही याची? मग औषधाच्या झाडाला औषध मारू नको." मग चहा घेता घेता २०१० ची गोष्ट, युरोपात आपली द्राक्षं एका रसायनाचा अंश सापडला म्हणून अडकली होती, तेव्हापासून रेसिड्यू हा शब्द त्यांच्या गावात शेंबड्या पोराला पण माहितीये. म्हणाला माणूस द्राक्षं धुऊन तरी खातो, तू तर हे उकळून पिणार. कानकोरायच्या काडीचा कापूस साबणाच्या पाण्यात बुडवून एक एक पुसून काढलं, नंतर आठ दिवसांनी निंबोळीच्या तेलाचं पाणी. गेलं. मुंग्यांना कुंडीखाली पाण्याची थाळी.

त्याच दिवशी मामानं मागच्या अडुळशाची खरड छाटणी केली. न विचारता. मी आत चहा गाळत होते, बाहेर कात्रीचा आवाज, येऊन बघते तर माझ्या डोक्याच्या वर गेलेलं झाड गुडघ्याएवढं. चार खुंट. द्राक्षाला एप्रिलमध्ये करतात तशी, याला मेमध्ये केली एवढाच फरक. मला रडूच यायचं बाकी होतं आणि हा म्हणतो खाली नुसती लाकडं झाली होती, पानं सगळी शेंड्याला, तू काय शिडी लावून काढणार होतीस का. पावसाळ्यात त्या चार खुंटांना पंचवीस-तीस फुटवे आले. झाड झुडूप झालं. आता मी दर वर्षी करते, फक्त इतकी खाली नाही, कंबरेएवढी, आणि फुलं संपल्यावर, मार्चच्या शेवटी.

फुलांचं सांगायचं राहिलंच. नाशकात डिसेंबरचा गारठा पडतो, तिकडे निफाडला पारा उतरतो आणि द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, तेव्हा याच्या शेंड्याला हिरव्या छदांची, म्हणजे फुलाखालच्या छोट्या पानांची, कणसं यायला लागतात, मक्याच्या नाही, तुळशीच्या मंजिरीची जाड बहीण म्हणा. त्यातून एक एक फूल बाहेर. लांबून नुसतं पांढरं. जवळ जाऊन बघा एकदा. दोन ओठ असतात, वरचा ओठ टोपीसारखा वाकलेला आणि खालचा तीन पाकळ्यांचा पसरट, त्या खालच्या ओठावर जांभळट तांबड्या रेघा, माशाच्या काट्यासारख्या, आत घशाकडे जाणाऱ्या. संस्कृतात याला सिंहास्य असंही नाव आहे, सिंहाच्या जबड्यासारखं फूल म्हणून. मला सिंह दिसत नाही, मला आपलं टॉन्सिल दाखवणारं पोरगं दिसतं, आणि खोकल्याच्या झाडाला ते जास्त शोभतं.

एका सकाळी मी दात घासत मागे उभी होते तेव्हा मोठा काळा भुंगा आला, लाकूड पोखरणारा तो. खालच्या ओठावर बसला, फूल त्याच्या वजनानं खाली झुकलं, आणि डोकं आत घातल्याबरोबर वरच्या टोपीत लपलेले दोन पुंकेसर त्याच्या पाठीवर टेकले. अगदी शिक्का मारल्यासारखे. तो निघाला तेव्हा पाठीवर पिवळसर पावडर. आजी भुंग्याच्या नावानं का ओरडायची ते त्या दिवशी कळलं. तरी माझ्या झाडाला बी धरलेलं मी अजून पाहिलेलं नाही, त्यामुळे बिया कुठे मिळतील हे कृपया विचारू नका, काडी न्या.

आता औषधाचं, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. अडुळशाची ताजी पानं कुटून पिळली तर रस निघत नाही, नुसता चोथा हाताला लागतो. मी पहिल्यांदा मिक्सरला पाणी घालून फिरवली तर हिरवा फेस झाला आणि भांड्याचा कडूपणा तीन दिवस जाईना, त्यात केलेल्या चटणीबद्दल घरात अजून बोललं जातं. आजी पानं तव्यावर नुसती मऊ होईपर्यंत गरम करायची, मग फडक्यात बांधून पिळायची. आयुर्वेदात याला पुटपाकाची पद्धत आहे, वाटलेला गोळा पानांत गुंडाळून, वरून मातीचा लेप देऊन विस्तवात भाजायचा आणि मग पिळायचा. फ्लॅटमध्ये विस्तव कुठून आणणार, मी मोदकपात्रात दहा मिनिटं वाफवते. वीस-पंचवीस मोठी पानं घेतली तर गडद हिरवा रस दोन-तीन चमचे निघतो, तेवढ्याच मधात कालवून थोडा थोडा. चव? कडू म्हणजे कारल्याचा मोठा भाऊ. आमचा मुलगा तो घेतल्यावर असं तोंड करतो की बघणाऱ्याचा खोकला थांबावा.

मागच्या हिवाळ्यात त्याला खोकला झाला, डॉक्टरांनी सिरप दिलं, मी मेडिकलमध्ये उभ्या उभ्या बाटली वाचली तर त्यात अँब्रोक्सॉल. तर याची कुळकथा अशी की अडुळशाच्या पानातलं मुख्य अल्कलॉइड, म्हणजे औषधी रसायन, वासिसीन, हूपर नावाच्या रसायनतज्ज्ञानं १८८८ साली ते वेगळं काढलं होतं, पुढे त्याच्या रचनेवरून बेतून ब्रोमहेक्सीन तयार झालं, आणि ब्रोमहेक्सीन शरीरात गेल्यावर त्याचं जे बनतं ते अँब्रोक्सॉल. कफ पातळ करतं. म्हणजे मेडिकलमधल्या निम्म्या खोकल्याच्या बाटल्यांची आजी माझ्या मागच्या दारी उभी आहे. घरी येऊन आईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या मग बाटलीला पैसे कशाला घातले, पान होतं की. तसं नसतं. पानातला वासिसीन किती ते कोण मोजणार, आणि आजी आणि नात एकच नसतात.

इथं जरा गंभीरपणे. नणंद पाचव्या महिन्याला माहेरी आली होती, तिला खोकला होता आणि आईंनी मायेनं काढा ठेवलाच होता, ज्येष्ठमध, सुंठ, तुळस आणि माझ्याच झाडाची पानं. मी तो ओतून दिला. थोडी वादावादी झाली. पण गरोदर बाईला अडुळसा द्यायचा नाही, वासिसीननं गर्भाशय आकुंचन पावू शकतं, ही काही माझी शंका नाही, नणंदेच्या डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर ठेवला तेव्हा कुठे आई गप्प बसल्या. जास्त घेतला तर कोणालाही उलटी होते, हे मी स्वतःवर करून बघितलंय. आणि एक जुना श्लोक सगळे वैद्य ऐकवतात, की जगायची आशा आहे आणि अडुळसा आहे तोवर क्षयाच्या आणि खोकल्याच्या रोग्यानं खचायचं कारण नाही. श्लोक सुंदर आहे, पण तो टीबीची औषधं निघायच्या कितीतरी आधीचा. खोकला दोन आठवड्यांच्या वर राहिला तर झाडाकडे नाही, थुंकी तपासायला जायचं.

शेजारच्या गुजराती बांशी झालेला घोळ पण लिहून ठेवते. त्यांना माझं झाड दाखवलं तर म्हणाल्या ही तर अरडूसी. मला आनंद झाला, अडुळसा-अरडूसी, एकाच घरातले शब्द. दुसऱ्या दिवशी रस्त्यापलीकडच्या उंच महारुखाकडे बोट दाखवून म्हणाल्या आणि तो अरडूसो. मी म्हणलं बा, तो महारुख आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, कूळच वेगळं. पण गुजरातीत नावं अशीच आहेत, एका वेलांटीचा फरक आणि झुडपाचं झाड होतं. वाळलेल्या पाल्यात तर ही दोन पानं खरंच एकमेकांच्या नावावर खपतात. म्हणून मी सुका पाला विकत घेणं बंद केलंय, पुडीतला तपकिरी चुरा बघून तो कशाचा आहे हे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. झाडावरचं पान मात्र खोटं बोलत नाही, जोडीनं येतं, चुरगळलं की तोच वास.

तर आता त्या सात काड्या. या फेब्रुवारीत मामाचाच फोन आला. विहिरीकडचा बांध जेसीबीनं सपाट केला, पाइपलाइन टाकायला, मामेभावानं उभं राहून करून घेतलं, आणि अडुळसा सगळा उपटून कडेला टाकला, दोन दिवसांनी कोणीतरी पेटवूनही दिला. मामा हे सगळं पाइपचा व्यास, मीटरचा भाव, लेबर किती लागलं असं सांगत सांगत मध्येच म्हणाला, तुझ्याकडचा आहे ना गं अजून. मी म्हणलं आहे. म्हणाला मग चार काड्या लावून ठेव माझ्यासाठी, पावसाळ्याच्या आधी नेतो.

चार मामाच्या, एक बांची, एक मुलाच्या बाईंची, एक जास्तीची धरून सात. काप तिरका, वाळू निम्मी, सावली, सगळं त्यानं शिकवलं तसं. आज सव्वा महिना झाला, सहा फुटल्यात. सातवी काल सकाळी बघितली तर बुंध्याशी काळी.

मी काही बोलले नाही. फक्त सगळ्या पिशव्या उचलून वर, वॉशिंग मशीनच्या मागच्या खिडकीत ठेवल्या, जिथं हात पोचायला स्टूल लागतं. संध्याकाळी दिवा लावून झाला आणि मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"आई?"

"काही नाही गं. बघत होते फक्त."